दोन वह्या

वही बाबांनी दिली होती. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, डाव्या बाजूला लाल रेघेचा समास असलेली. शिकायला परदेशी निघायच्या आदल्या रात्री माझी बॅग बंद होत नव्हती, आई एका बाजूने दाबत होती, तेवढ्यात बाबांनी ती कपड्यांच्या वर ठेवली. "मला दाखवायची नाही," ते म्हणाले. "पण रोज लिही."

त्या वहीतली पहिली नोंद मी विमानतळावर उतरल्यावर बॅगेवर बसून केली. ती खर्चाची नव्हतीच, चलन बदलून घेतल्याची होती. खिडकीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'कमिशन नाही'. ते वाचून मला हायसं वाटलं आणि घरून आणलेल्या नोटांपैकी बऱ्याचशा मी तिथे आत सरकवल्या. रात्री खोलीवर आकडेमोड केली तेव्हा कळलं, की काहीही विकत न घेता आपण चांगलेच पैसे घालवून बसलोय. फलकावर दोन रकाने होते. एक ते चलन घेतात तो भाव, दुसरा ते चलन देतात तो. या दोन भावांमधली दरी हीच त्या खिडकीची कमाई. वेगळं कमिशन घ्यायची त्यांना गरजच नव्हती. मोठ्या बँका आपापसांत ज्या भावाने चलन देतात-घेतात, तो या दोन रकान्यांच्या मधे कुठेतरी असतो. तो भाव आपल्यासारख्याला पूर्णपणे मिळत नाही, पण आपल्या हाती आलेला भाव त्याच्यापासून किती लांब आहे हे फोनवर अर्ध्या मिनिटात बघता येतं. मी ते बघितलं नव्हतं. बघितलं असतं तर बसच्या भाड्यापुरते पैसे बदलून पुढे गेले असते.

ती नोंद मी लाल पेनने केली. पुढे वर्षभर असे पैसे मी लालच लिहीत गेले. ज्यांच्या बदल्यात काहीच हाती आलं नाही, वाटेतच गळाले, ते लाल. वही चाळताना आज मला वाटतं, की परदेशात शिकणाऱ्या मुलांना आपण खर्च कमी करायला शिकवतो, आणि हे लाल पैसे ओळखायला शिकवत नाही. काटकसर तर बहुतेक मुलं घरूनच शिकून आलेली असतात.

पहिले काही आठवडे मी गुणाकारात जगले. आमच्या घरचं चलन लहान, तिथलं मोठं. कशावरचीही किंमत वाचली की डोक्यात आकडा फुगायचा आणि पुढे गेलेला हात मागे यायचा. बसचं तिकीट, झेरॉक्सची पानं, कपडे धुण्याच्या यंत्रात टाकायचं नाणं, प्रत्येकाला गुणाकार. एकदा पावसात भिजत चालत आले, कारण बसच्या तिकिटाचा गुणाकार मला झेपला नाही. दोन दिवस तापात पडून राहिले आणि एका प्रयोगाचा तास बुडाला. बसभाडं वाचवलं म्हणून त्या दिवशी वहीत काहीच लिहिलं गेलं नाही. पण त्या तासासाठीच तर घरच्यांनी फी भरली होती!

मग कधीतरी मन थकलं आणि गुणाकार आपोआप बंद झाला. तो कधी बंद झाला हे मला कळलंही नाही, वहीला कळलं. दुसऱ्या महिन्याच्या मध्यानंतर नोंदी लांबत गेल्या. लहान लहान आकडे, पण एका पानावर मावेनात. पुढे ग्राहकांच्या वागण्यावरचं एक संशोधन वाचनात आलं आणि त्या पानांचा उलगडा झाला. प्रिया रघुबीर आणि जॉयदीप श्रीवास्तव या दोन अभ्यासकांनी २००२ साली दाखवून दिलं होतं, की परक्या चलनात खर्च करताना माणूस नोटेवरच्या आकड्याला भुलतो. घरच्यापेक्षा परक्या चलनातला आकडा लहान दिसत असेल तर हात सैल सुटतो, आणि मोठा दिसत असेल तर आखडतो. विनिमयाचा दर माहीत असतो, तरीही असं होतं. मला आपल्या मोहाची लाज वाटत होती ती त्यामुळे थोडी कमी झाली. हा माझ्या एकटीचा दुबळेपणा नव्हता, डोळ्यांना आकडा दिसतो तसा मनाला तो जाणवतो, इतकी साधी गोष्ट होती.

म्हणजे गुणाकार करत राहिलं तर जगणं आवळतं, आणि सोडला तर पैसे निसटतात. यातून मी जी वाट काढली ती अर्थशास्त्राच्या कसोटीला उतरणार नाही, पण मी आजही ती कुणालाही सांगेन. घरून आलेल्या पैशाला गुणाकार करायचा. तिथे स्वतः कमावलेल्या पैशाला तासांनी मोजायचं. मला विद्यापीठाच्या ग्रंथालयात ढकलगाडीतली पुस्तकं जागेवर लावायचं काम मिळालं होतं. त्या कामाच्या पैशांतून काही घ्यायचं असेल तर प्रश्न एकच: ही वस्तू पुस्तकांच्या किती गाड्यांची आहे? अर्धी गाडी असेल तर घ्यावी, चार गाड्यांची असेल तर रात्रभर विचार करावा. भाडं, फी, विमानाचं तिकीट, विमा या घरच्या पैशांतून जाणाऱ्या गोष्टी, त्यांना मात्र पूर्ण गुणाकार, कागदावर, दोनदा. अर्थशास्त्रज्ञ म्हणतील, पैसा तो पैसा, त्याला कुठून आला हे आठवत नसतं. रिचर्ड थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. माणसं मनात पैशाची अशी वेगवेगळी खाती उघडतात, हे त्यांनी अभ्यासातून मांडलेल्या गोष्टींपैकी एक होतं. पैशाला आठवत नसेल. मला आठवत होतं, आणि ती आठवण माझ्या उपयोगाची होती.

ग्रंथालयाच्या कामावर फार भिस्त ठेवता येत नाही, हेही इथेच सांगायला हवं. विद्यार्थी म्हणून गेलेल्या माणसाने किती तास काम करायचं हे बहुतेक देशांत कायद्याने बांधलेलं असतं. ब्रिटनमध्ये पदवी अभ्यासक्रमाच्या परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना सहसा आठवड्याला २० तास, ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तास. यापेक्षा जास्त तास करून चार पैसे जोडायला जाणाऱ्या मुलाचा थेट व्हिसाच धोक्यात येतो. आणि पहिला पगार हातात यायला आपण समजतो त्यापेक्षा जास्त दिवस लागतात. कराचा क्रमांक हवा, खातं हवं, पगाराची तारीख उलटून गेलेली असेल तर पुढच्या महिन्याची वाट बघायला हवी. तो पगार हातात पडेपर्यंत तो नाहीच, असं धरून चालावं.

याउलट जर्मनीला गेलेल्या एका वर्गमैत्रिणीकडून मी एक फार चांगली गोष्ट उचलली. तिथे व्हिसासाठी अनेक परदेशी विद्यार्थ्यांना वर्षभराच्या राहण्या-जेवण्याची रक्कम आधीच एका बंद खात्यात भरावी लागते, आणि त्या खात्यातून दर महिन्याला ठरलेला हप्ताच बाहेर येतो. तिला सुरुवातीला तो जाच वाटायचा, स्वतःचेच पैसे आणि हात लावायची सोय नाही. परीक्षेच्या महिन्यात इतरांची ओढाताण चालू असताना तिचं बरं चाललेलं असायचं. मग मीही दोन खाती केली. एकात सगळे पैसे, त्याचं कार्ड कपाटात. दुसऱ्यात महिन्याच्या एक तारखेला बारावा हिस्सा, त्याचं कार्ड खिशात. माझ्यावर कुणाची सक्ती नव्हती, आणि कपाट माझ्याच खोलीत होतं. पण कपाटापर्यंत जाऊन दार उघडावं लागणं, एवढाही अडसर पुष्कळ असतो.

प्रवासात पैसे जवळ बाळगायचे कसे, ही काळजी फार जुनी आहे. अमेरिकन एक्सप्रेस कंपनीचे अध्यक्ष जेम्स फार्गो १८९० च्या सुमारास युरोपात फिरत होते. त्यांच्याजवळ बँकेचं पतपत्र होतं, म्हणजे या माणसाला पैसे द्यावेत असं सांगणारं पत्र. मोठी शहरं सोडली की त्या पत्राला कुणी विचारेना. एवढ्या मोठ्या कंपनीचा अध्यक्ष, आणि रोख पैशासाठी अडून बसलेला. परत आल्यावर त्यांनी मार्सेलस बेरी या आपल्या सहकाऱ्याला यावर उपाय काढायला सांगितलं, आणि १८९१ मध्ये प्रवासी धनादेश निघाले. घेताना एक सही करायची, वटवताना समोरच्यासमोर दुसरी, दोन्ही जुळल्या तर पैसे. चोराच्या हाती ते लागले तरी त्याला ती सही येणार नाही, आणि हरवले तर कंपनी भरून देणार. २७ जून १९६७ ला लंडनच्या उत्तरेला एनफील्डमध्ये बार्कलेज बँकेच्या भिंतीत पैसे देणारं यंत्र बसलं, आणि पुढच्या काही दशकांत ते जगभर पसरलं. सहीची जागा चार आकडी पिनने घेतली. फार्गोंची अडचण सुटली असं आपण समजतो. मला मात्र एकदा फार्गोंइतकंच अडून बसावं लागलं, ते पुढे सांगतेच.

त्याआधी त्या यंत्राच्या एका प्रश्नाबद्दल. माझ्या वहीतल्या लाल नोंदींत सर्वांत जास्त नोंदी या प्रश्नाच्या आहेत. परदेशी कार्ड यंत्रात घातलं, की ते कार्ड कुठल्या देशाचं आहे हे यंत्राला कळतं, आणि मग पडद्यावर अगदी आपुलकीने विचारणा होते: तुमच्या घरच्या चलनात पैसे कापू का? शेजारी घरच्या चलनातला नेमका आकडाही दिसतो. दिवसभर गुणाकार करून थकलेल्या डोक्याला तो आकडा ओळखीचा वाटतो. मी तीन-चार वेळा 'हो' दाबलं. घरचं चलन दिसलं म्हणून हो.

त्या 'हो'ने काय होतं, तर चलन बदलण्याचं काम आपल्या बँकेकडून आणि कार्डाच्या जाळ्याकडून काढून घेतलं जातं आणि दुकानाच्या किंवा यंत्राच्या मागे बसलेल्या कंपनीला मिळतं. ती स्वतःचा दर लावते, आणि त्या दरात तिची कमाई मिसळलेली असते. व्हिसा किंवा मास्टरकार्ड या कार्डांच्या जाळ्यांचा दर सहसा बाजारभावाच्या बराच जवळचा असतो. म्हणून उत्तर नेहमी 'स्थानिक चलन'. हे कळल्यावरही पहिल्यांदा नकार देताना मी घाबरले होते, कारण पैसे काढण्याच्या यंत्रावर बटणांची नावं 'रूपांतर स्वीकारा' आणि 'रूपांतर नाकारा' अशी होती. 'नाकारा' दाबलं तर पैसेच मिळणार नाहीत, मागे रांग उभी आहे, कार्ड आत अडकलं तर काय करायचं, असं सगळं त्या दोन सेकंदांत मनात येऊन जातं. नाकारलं तरी पैसे येतात. फक्त चलन बदलायचं काम आपली बँक करते. ज्या दिवशी मी ते बटण दाबलं आणि नोटा बाहेर आल्या, त्या दिवशी वहीत त्या नोंदीच्या बाजूला मी एक छोटी चांदणी काढलेली आहे. युरोपीय संघाने एप्रिल २०२० पासून या कंपन्यांना युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा आपण किती टक्के जास्त घेतो हे पडद्यावर दाखवणं सक्तीचं केलं आहे. नियम फार चांगला आहे. पण टक्के वाचायला रांगेत उभ्या माणसाला सवड हवी, आणि जो पहिल्यांदा परदेशात आलाय त्याच्याकडे नेमकी तीच नसते.

बऱ्याच यंत्रांचं स्वतःचं ठरावीक शुल्क असतं आणि बऱ्याचदा आपल्या बँकेचंही. ते दर खेपेला लागतं, रक्कम लहान असो की मोठी. म्हणून लहान लहान रकमा चार वेळा काढण्यापेक्षा एकदाच जरा मोठी काढावी, आणि सगळी एका खिशात ठेवू नये. क्रेडिट कार्डावर रोख रक्कम काढण्याच्या फंदात तर पडूच नये. खरेदीला व्याजाविना जी मुदत मिळते ती रोख रकमेला सहसा मिळत नाही, व्याज त्याच दिवसापासून चढू लागतं.

आता तो तिसरा महिना. सुट्टीला जोडून आम्ही पाचजणी शेजारच्या देशात गेलो होतो. पैशांचं ठरलेलं होतं, टीटीएमएम. तुझं तू, माझं मी. वसतिगृहासारख्या एका जागी उतरलो, तिथे खोलीच्या भाड्याशिवाय अनामत म्हणून माझ्या डेबिट कार्डावर एक रक्कम रोखून धरली गेली. मला वाटलं होतं, ही नुसती नोंद असेल. क्रेडिट कार्डावर अशी रक्कम रोखली जाते तेव्हा फक्त मर्यादा कमी होते. डेबिट कार्डावर मात्र आपले खरे पैसे गोठतात, आणि जागा सोडली तरी ते मोकळे व्हायला कित्येक दिवस जाऊ शकतात. खिशातल्या खात्यात त्या महिन्याचा हिस्साच होता. त्यातला निम्म्याहून जास्त गोठला.

दुसऱ्या दिवशी कार्ड बंद पडलं. अनोळखी देशात दोनदा वापरल्यामुळे बँकेच्या यंत्रणेला संशय आला होता, आणि तो संशय योग्यच होता, चोर असता तर मी त्यांचे आभार मानले असते. ते उघडायला एक सहा आकडी संकेत हवा होता, आणि तो घरच्या फोन नंबरवर येणार होता. घरचं सिमकार्ड माझ्या खोलीतल्या टेबलाच्या खणात होतं. दुसरं कार्ड, जे मी एवढ्या शहाणपणाने कपाटात ठेवलेलं, तेही तिकडेच. बस स्थानकाच्या बाकावर मी बसले होते. माझ्या खात्यात पैसे होते, कपाटातल्या खात्यात वर्षाचे पैसे होते, आणि हातात तीन नाणी होती.

मैत्रिणीने माझं तिकीट काढलं. ती काही बोलली नाही, तिने फक्त दोन तिकिटं काढली आणि एक माझ्या हातात दिलं. टीटीएमएमची भाषा किती सोयीची असते आणि किती अपुरी, हे मला त्या तिकिटाने शिकवलं.

परतल्यावर कार्ड सुरू झालं, पण तो महिना सावरला नाही. ग्रंथालयाचा पहिला पगार त्या महिन्यात येईल असं धरून मी सगळं बेतलं होतं, आणि तो पुढच्या महिन्यावर गेला. मैत्रिणीचे पैसे आधी फेडले. कपाटातल्या खात्याला हात लावायचा नाही असं मी स्वतःलाच बजावलं होतं, कारण ते पैसे वर्षभर पुरवायचे होते आणि बाबांनी ते कसे उभे केलेत हे मला ठाऊक होतं. त्या तीन आठवड्यांची वहीची पानं जवळजवळ कोरी आहेत. दिवसाला एक ओळ, कधी तीही नाही. मी पोटाला चिमटा घेत होते, हे सरळच सांगते. आई फोनवर विचारायची, "नीट जेवतेस ना?" मी म्हणायचे, "हो गं, अगदी नीट." बाबा मागून म्हणायचे, "पैसे हवेत का?" मी म्हणायचे, "पुरेत अजून."

असं का वागले, याचा मी खूप विचार केलाय. विद्यार्थ्याच्या हातातला पैसा जवळजवळ कधीच त्याचा नसतो. तो आईबापांचा असतो, कर्जाचा असतो, कुणीतरी विश्वासाने दिलेल्या शिष्यवृत्तीचा असतो. आपण फक्त खर्चणारे. त्यामुळे चूक झाली की ती नुसती चूक राहत नाही, कुणाच्या तरी कष्टांचा हिशेब चुकवल्यासारखी वाटते, आणि माणूस ती लपवतो. मला नंतर कळलं, की आमच्या वर्गातल्या आणखी दोघांचे तसेच दिवस त्याच सुमारास गेले होते. आम्ही तिघं रोज शेजारी बसत होतो. विद्यापीठात अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी तात्पुरत्या मदतीचा निधी होता, त्याचा कागद सूचनाफलकावर होता, आणि मी त्या फलकासमोरून रोज जात होते. हे मला आजही टोचतं. आज कुणी मुलगा-मुलगी निघताना मला काही विचारतात, तेव्हा दोन कार्डं दोन वेगळ्या जागी ठेव आणि घरचं सिमकार्ड फोनमध्येच ठेव हे सांगतेच. पण त्याआधी विचारते, पैसे संपले तर पहिला फोन कुणाला करशील? नाव सांगता आलं नाही, तर ते आधी ठरवून मगच निघ म्हणते.

पुढच्या सत्रात मी जरा जाणती झाले. आणखी एका सहलीत पन्नास-शंभराच्या नोटांऐवजी हजारांच्या नोटा हाताळायची वेळ आली, आणि त्या संशोधनात म्हटलं होतं तसंच झालं. आकडे मोठे दिसले म्हणून मी साध्या पाण्याच्या बाटलीलाही कचरले. मग नोटेवर बोट ठेवून शेवटची शून्यं झाकायची सवय लावून घेतली. सगळ्याच चलनांत सुटे दोन दशांश असतात असंही नाही. जपानी येनला व्यवहारात दशांशच नाही, आणि कुवेती दिनारचे शंभर नव्हे, हजार फिल होतात. एका ठिकाणी शिष्यवृत्तीच्या पत्रात नुसतं 'डॉलर' लिहिलं होतं. अमेरिकेचा, कॅनडाचा, ऑस्ट्रेलियाचा की सिंगापूरचा, यावर माझं अर्धं वर्ष अवलंबून होतं. तेव्हापासून मी चिन्हाऐवजी चलनाचा तीन अक्षरी आंतरराष्ट्रीय संकेत बघते.

फीचे पैसे घरून यायचे, तो एक वेगळाच प्रवास होता. एका बँकेतून निघालेले पैसे थेट दुसऱ्या बँकेत उतरतात असं मला वाटायचं. पुष्कळदा मधे एक-दोन मध्यस्थ बँका असतात, आणि त्या आपापलं शुल्क वाटेतच कापून घेतात. फी जेवढी होती तेवढीच बाबांनी पाठवली, आणि विद्यापीठाच्या खात्यात ती थोडी कमी पोहोचली. थोडीच, पण 'फी अपूर्ण' असा शेरा आला आणि माझी नावनोंदणी अडली. अर्जावर शुल्क कुणी सोसायचं याचे तीन पर्याय असतात: पाठवणाऱ्याने, दोघांनी वाटून, किंवा घेणाऱ्याने. फी पाठवताना पहिला पर्याय निवडावा लागतो. बाबांनी पुढच्या वेळी बँकेत उभं राहून त्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं म्हणे. खातेक्रमांकाची त्यांना फार धास्ती असायची, बावीस-चोवीस अक्षरं, एखादं चुकलं तर? मी त्यांना समजावलं, की आयबॅनमध्ये, म्हणजे त्या आंतरराष्ट्रीय खातेक्रमांकात, देशाच्या संकेतानंतरचे दोन आकडे पडताळणीचे असतात, एखादं अक्षर चुकलं तर गणित जुळत नाही आणि चूक तिथेच पकडली जाते. ते ऐकून घ्यायचे आणि तरीही एकेक अक्षर दोनदा वाचून दाखवायचे. फोनच्या या टोकाला मी पुन्हा म्हणायचे.

दराचीही चर्चा व्हायची. १५ जानेवारी २०१५ ला स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने युरोसमोर फ्रँक फार वधारू नये म्हणून घातलेला बांध अचानक काढला आणि काही मिनिटांत फ्रँक प्रचंड वधारला. त्या सकाळी तिथे शिकत असलेल्या आणि घरून युरो येणाऱ्या मुलांच्या डोळ्यांदेखत खोलीचं भाडं महागलं. हे मी बाबांना सांगितलं, तेव्हापासून आम्ही फी एकरकमी न पाठवता जमेल तिथे दोन-तीन हप्त्यांत पाठवू लागलो. दर वर जाईल की खाली हे आम्हाला कळणार नव्हतं. एकाच दिवसावर सगळं टांगून ठेवायचं नाही, एवढंच हातात होतं.

परत निघायच्या वेळी मी एक गोष्ट बरोबर केली. खोलीची अनामत परत येईपर्यंत तिथलं बँक खातं बंद केलं नाही. घाईघाईने खातं बंद करून गेलेल्या मुलांची अनामत परतीच्या वाटेवरच अडकलेली मी पाहिली होती. माझी आली, दोन महिन्यांनी, घरी परतल्यावर. उरलेली नाणी मात्र कुणीच बदलून दिली नाहीत, चलन बदलणारे सहसा नोटाच घेतात. ती आईने एका डबीत घालून ठेवली.

अनामत जमा झाल्याचं बाबांना सांगायला गेले, तेव्हा त्यांनी टेबलाच्या खणातून एक वही काढली. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. दुकानातून त्यांनी दोन आणल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. प्रत्येक वेळी पाठवलेली रक्कम, त्या दिवसाचा दर, बँकेचं शुल्क, तिकडे किती पोहोचले, सगळं त्यांच्या बारीक अक्षरात. अनामतीची रक्कम त्यांनी शेवटच्या पानावर लिहिली आणि रेघ मारली.

मी मागची पानं उलटत गेले. तिसऱ्या महिन्याच्या पानावर रक्कम नव्हती. तिथे लिहिलं होतं: 'या महिन्यात मागितले नाहीत. आवाज बारीक वाटला. पाठवायला हवे होते.'

मी आत जाऊन माझी वही आणली आणि त्यांच्यासमोर ठेवली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा पुसला, आणि पानं उलटत तिसऱ्या महिन्यापाशी थांबले.